मेशिंग येतं, मग एफईएमचा कोर्स सोपा जाईल का?

तुझा प्रश्न असा: "दादा, पुण्यात दोन वर्षं हायपरमेशवर मेशिंगचं, म्हणजे डिझाइनचे छोटे एलिमेंट पाडायचं, काम केलंय. आता जर्मनीत स्टुटगार्टला कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्समध्ये मास्टर्स करायचंय. तिथला फायनाइट एलिमेंट मेथडचा (एफईएम) कोर्स सोपा जाईल ना?"

खरं सांगू? तुझ्या मेशिंगचा उपयोग नोकरी शोधताना होईल, कोर्समध्ये फारसा नाही. इथे सुरुवातीलाच फळ्यावर डिफरन्शियल इक्वेशन येतं. त्याला वेट फंक्शनने गुणायचं, इंटिग्रेशन बाय पार्ट्स करायचं, की वीक फॉर्म, म्हणजे त्याच समीकरणाचं इंटिग्रलमधलं रूप, तयार. डिस्प्लेसमेंटवरचं एक डेरिव्हेटिव्ह वेट फंक्शनकडे जातं, म्हणून साध्या लिनियर शेप फंक्शनवर काम भागतं. आणि टोकाला लावलेला लोड आपसूक समीकरणात येऊन बसतो. हे का घडतं ते पेनाने लिहून दाखवता आलं की पुढचा बराच कोर्स उलगडतो. तेव्हा एम-थ्रीची (इंजिनिअरिंग मॅथ्सची) वही माळ्यावरून काढ, आणि एसओएमचं (स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स) बीम बेंडिंगही.

निघण्याआधी पायथनमध्ये स्वतःचा छोटा कोड लिही. आधी बार एलिमेंट: स्टिफनेस एई भागिले एल, असेंब्ली, बाउंडरी कंडिशन. मग चार नोडचा क्वाड, म्हणजे चौकोनी एलिमेंट, दोन बाय दोन गाउस पॉइंट्स (इंटिग्रेशन ज्या बिंदूंवर करतात ते) घेऊन. कुठेही न बांधलेल्या एका एलिमेंटच्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढ. आठपैकी नेमक्या तीन शून्य यायला हव्यात: दोन सरकण्याच्या, एक फिरण्याची. आता एकच गाउस पॉइंट घे. पाच शून्य येतील. त्या जास्तीच्या दोन म्हणजे अवरग्लास मोड: एलिमेंटचा आकार बिघडतो, पण हिशोबात ऊर्जा शून्य. गाडीच्या क्रॅश सिम्युलेशनच्या रिझल्टमध्ये अवरग्लास एनर्जी तपासायची असते हे तू ऐकलंच असशील; ती येते इथून.

त्याच कोडवर एक लांब, बारीक कँटिलिव्हर (एकाच टोकाला घट्ट बांधलेला बीम) घे, उंचीत एकच एलिमेंट, फुल इंटिग्रेशन, म्हणजे ते दोन बाय दोन पॉइंट्स. टोकाचं डिफ्लेक्शन बीम थिअरीच्या पीएल घन भागिले तीन ईआय या उत्तराच्या कितीतरी कमी येईल. सरळ कडांचा एलिमेंट वाकू शकत नाही, म्हणून खोटा शिअर निर्माण होतो आणि बीम नको तितका ताठ होतो. याला शिअर लॉकिंग म्हणतात, आणि परीक्षकांचा हा आवडता प्रश्न. कमर्शिअल सॉफ्टवेअर यावरचा इलाज बऱ्याचदा गुपचूप करून टाकतं, त्यामुळे बटण दाबणाऱ्याला हा आजार असतो हेच कळत नाही. (एल-ब्रॅकेटच्या आतल्या धारदार कोपऱ्यात मेश बारीक करत गेलं की स्ट्रेस वाढतच जातो, तेही का ते शोधून ठेव.)

एनपीटीईएल या ऑनलाइन लेक्चर-पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची एफईएमची लेक्चर्स फुकट आहेत. त्यातली एक मालिका पूर्ण कर, चार अर्धवट नकोत.

परीक्षेचं म्हणशील तर इथे आपल्यासारखे इंटर्नलचे मार्क हाताशी नसतात. बहुतेक विषयांत शेवटची एकच परीक्षा, १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. नाव नोंदवायची तारीख चुकली की बसता येत नाही, आणि नापास व्हायच्या संधी मोजक्याच. म्हणून पहिल्या सेमिस्टरला विषय कमी घे.

पैशांचं थोडक्यात: जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, पण स्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं आणि तिथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे भारतातली कागदपत्रं तपासल्याचा दाखला, सगळ्यात आधी काढ, त्याला वेळ लागतो.

कोर्स इंग्रजीत असला तरी बी-वन (मधल्या पातळीचं) जर्मन भारतातूनच करून ये. इन्स्टिट्यूटमध्ये हिवीचं (विद्यार्थी-सहाय्यकाचं) काम इंग्रजीवर मिळून जातं, पण आसपासच्या ऑटोमोबाइल कंपन्यांत वेर्कश्टुडेंट (शिकता शिकता पार्ट-टाइम काम करणारा) म्हणून घेताना जर्मन विचारतात. इथले लोक श्वेबिश ही इथली बोली बोलतात ते वेगळंच. ते कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत.

मॉड्यूल हँडबुक, म्हणजे कोर्समधल्या विषयांची माहितीपुस्तिका, डाउनलोड करून मला पाठव. कुठले विषय पहिल्या सेमिस्टरला टाळायचे ते खुणा करून देतो.