गणित विचारा : शेकडा कशावर?

गेल्या अंकात पैशांची शाब्दिक उदाहरणं मागवली होती. पत्रं भरपूर आली. काही दहावीच्या मुलांची, तर काही दहावी कधी झाली हेही आठवत नसेल अशा मंडळींची. गंमत म्हणजे दोघांची अडचण एकच निघाली. बेरीज-गुणाकार सगळ्यांना येतो, समीकरणही बरेच जण सोडवतात. घोळ होतो तो ‘शेकडा’ या शब्दापाशी. शेकडा म्हणजे शंभरामागे, पण कुठल्या शंभरामागे? एवढं विचारायचं राहून जातं.

*

‘५०,००० रुपयांपैकी काही रक्कम द.सा.द.शे. ६ दराने व उरलेली द.सा.द.शे. ८ दराने गुंतवली. एका वर्षाने एकूण ३,४६० रुपये व्याज मिळाले. तर प्रत्येक दराने किती रक्कम गुंतवली?’ सर फळ्यावर लगेच ‘एक रक्कम क्ष मानू’ लिहितात. पण नेमकं काय क्ष मानायचं हे त्यांना कसं कळतं? मला समीकरण सोडवता येतं, मांडता येत नाही.
— दहावीची विद्यार्थिनी, अमळनेर

तुझं शेवटचं वाक्य मी नोकरीभर ऐकत आले. आधी सोपं सांगते. उदाहरणाचं शेवटचं वाक्य वाच, त्यात जे विचारलं असेल ते क्ष. इथे दोन रकमा विचारल्या आहेत, पण दोघींची बेरीज माहीत आहे, म्हणून एका क्षमध्ये भागतं. ६ दराची रक्कम क्ष, तर ८ दराची ५०,००० − क्ष.

आता पुढे समीकरण सुचत नाही ना? मग क्ष बाजूला ठेव आणि चक्क एक खोटं उत्तर धर. समज ६ दराने १०,००० गुंतवले. मग ८ दराने ४०,०००. पहिल्याचं व्याज ६००, दुसऱ्याचं ३,२००, एकूण ३,८००. आपल्याला हवे होते ३,४६०, म्हणजे उत्तर चुकलं. चुकू दे. ते तपासताना तू काय काय केलंस ते बघ: रकमेला ६ ने गुणलंस, शंभराने भागलंस, ५०,००० मधून रक्कम वजा केलीस, त्याला ८ ने गुणून शंभराने भागलंस, मग दोन्ही व्याजं मिळवलीस आणि ३,४६० शी ताडून पाहिलीस. आता १०,००० च्या जागी क्ष लिहून हेच सगळं पुन्हा कर. मांडणी झाली:

६क्ष/१०० + ८(५०,००० − क्ष)/१०० = ३,४६०

शंभराने गुणलं की ६क्ष + ४,००,००० − ८क्ष = ३,४६,०००. म्हणून २क्ष = ५४,०००, क्ष = २७,०००. दुसरी रक्कम २३,०००.

ताळा मात्र समीकरणात घालून पाहू नकोस. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर ताळा त्याच्याशी इमानदारीने जुळतो. उदाहरणाच्या शब्दांत घाल: २७,००० चं ६ ने १,६२०, २३,००० चं ८ ने १,८४०, बेरीज ३,४६०. झालं.

आणि तुझ्या आजोबांना हे विचारलंस तर ते क्षशिवायही सांगतील. सगळेच पैसे ६ ने ठेवले असते तर ३,००० मिळाले असते. मिळाले त्याहून ४६० जास्त. ८ ने ठेवलेला प्रत्येक शेकडा २ रुपये जास्त देतो. मग असे शेकडे किती? २३०, म्हणजे २३,००० रुपये. परीक्षेत मात्र समीकरणच लिही, गुण पायऱ्यांना असतात.

*

मी केळीचा छोटा व्यापारी. १०० क्विंटल माल १,२०० रुपये भावाने घेतला. वाहतूक, हमाली मिळून १८,००० खर्च. वाटेत आणि पिकवताना शंभरातले ८ क्विंटल जातात. मला २० टक्के नफा हवा. मी भाव काढला १,७८८ रुपये. वर्षाअखेर नफा २० टक्के दिसत नाही. गळती कुठे आहे?
— एक वाचक, रावेर

तुम्ही कसं केलं असेल ते मी सांगते. खर्चासह क्विंटल पडला १,३८० ला. त्यात २० टक्के नफा घालून १,६५६. मग ८ टक्के माल जातो म्हणून भाव ८ टक्क्यांनी वाढवून १,७८८. बरोबर ना? रावेर-सावद्याकडे निम्मे लोक असंच करतात. बाकीचे नासाडी धरतच नाहीत आणि पावसाळ्यात डोक्याला हात लावून बसतात.

एकेक पायरी बघू. तुमचा एकूण खर्च १,२०,००० आणि १८,००० मिळून १,३८,०००. त्यावर २० टक्के नफा म्हणजे २७,६००. गल्ल्यात यायला हवेत १,६५,६००. आणि विकायला हातात आहेत ९२ क्विंटल, शंभर नव्हेत. भाव क्ष धरला तर

९२क्ष = १,६५,६००, म्हणून क्ष = १,८००.

१,७८८ ने विकलं तर ९२ क्विंटलचे येतात १,६४,४९६. म्हणजे दर खेपेला हजार-अकराशे रुपये खाली, आणि नफा १९ टक्क्यांच्या आसपास. वर्षभरात किती खेपा होतात ते तुम्हालाच ठाऊक.

चूक अशी झाली की गेलेले ८ क्विंटल शंभरातले होते, पण तुम्ही भरपाई करायला निघालात उरलेल्या ९२ कडून. ९२ नी ८ ची भर काढायची तर प्रत्येकाने ८ टक्के देऊन पुरत नाही, ८/९२ म्हणजे साधारण ८.७ टक्के द्यावे लागतात. नासाडी जितकी वाढेल तितका हा फरक पळत सुटतो. २० टक्के माल गेला तर भाव २० नाही, २५ टक्क्यांनी चढवावा लागतो. निम्मा गेला तर दुप्पट! उन्हाळ्यातल्या खेपेसाठी हा आकडा पाटीवर लिहून ठेवा.

अजून एक. ‘२० टक्के नफा’ तुम्ही खरेदीवर धरता की विक्रीवर? शाळेच्या पुस्तकात नफा नेहमी खरेदी किमतीवर असतो आणि मी वर तसाच धरला. पण बरेच दुकानदार ‘शंभरातले वीस माझे’ म्हणतात तेव्हा ते विक्रीचे शंभर असतात. तसं असेल तर १,३८,००० हे विक्रीचे ८० टक्के झाले, विक्री १,७२,५०० हवी आणि भाव १,८७५. भागीदारी असेल तर हे आधी ठरवून घ्या. हे न ठरवल्यामुळे भांडलेले सख्खे भाऊ मी पाहिले आहेत.

*

जळगावात दागिना घेतला. घडणावळ १२ टक्के, जीएसटी ३ टक्के. मी १५ टक्के धरून ५०,००० च्या सोन्याचे ५७,५०० नेले. बिल ५७,६८० झालं. सराफाने फसवलं का?
— एक वाचक, भुसावळ

नाही हो. १२ टक्के सोन्यावर, म्हणजे ६,०००. पण ३ टक्के लागले ते सोनं आणि घडणावळ मिळून झालेल्या ५६,००० वर, म्हणजे १,६८०. तुमचे १८० रुपये जास्त गेले ते घडणावळीवरच्या ३ टक्क्यांचे. पुढच्या वेळी उलटं करा: सोन्याची किंमत × १.१२ × १.०३ = खिशातली रक्कम. लाख रुपये नेणार असाल तर सोनं साधारण ८६,६८५ रुपयांचं बसेल, ८७ हजारांचं नाही.

*

आमच्या बचत गटात १०,००० रुपये कर्ज दिलं की शेकडा २ व्याज, दर महिन्याला मुद्दलाचे १,००० फेडायचे, १० महिन्यांत खातं बंद. एक सभासद म्हणते एकूण व्याज २,०००, दुसरी म्हणते १,१००. मीटिंगमध्ये इतका ओरडा झाला की एक आजी म्हणाल्या, ‘हाई गणित मन्हा डोकामा घुसत नई.’ आणि उठून गेल्या. बरोबर कोण?
— गटाच्या सचिव, साक्री तालुका

आजींना परत बोलवा, गणित त्यांच्यासाठीच आहे.

पहिली बाई पूर्ण १०,००० वर दहाही महिने व्याज लावते: महिन्याला २००, दहा महिन्यांचे २,०००. दुसरी उरलेल्या मुद्दलावर लावते. पहिल्या महिन्यात १०,००० वर २००, दुसऱ्यात ९,००० वर १८०, तिसऱ्यात १६०, असं करत शेवटच्या महिन्यात १,००० वर २०. बेरीज १,१००. ही बेरीज दहा ओळींत करायची गरज नाही. पहिला आणि शेवटचा मिळून २२०, दुसरा आणि नववा मिळून २२०, अशा पाच जोड्या.

गटाच्या ठरावाच्या वहीत ‘उरलेल्या मुद्दलावर’ असं लिहिलं असेल तर दुसरी बरोबर. लिहिलंच नसेल तर आता लिहा. माझं मत विचाराल तर जे पैसे बाईने परत केले त्यावर तिच्याकडून व्याज घेण्यात न्याय नाही. आणि हा दर महिन्याचा आहे, वर्षाचा २४ होतो, हेही सगळ्यांना मोठ्याने सांगा. पुस्तकातला द.सा.द.शे. २ आणि आपल्या गावातला शेकडा २ यांत बारा पटींचं अंतर आहे.

हेच मोटरसायकलच्या कर्जात होतं. समजा कोणी म्हणालं, ‘६०,००० चं कर्ज, दोन वर्षं, फक्त १० टक्के फ्लॅट.’ व्याज १२,०००, एकूण ७२,०००, महिन्याचा हप्ता ३,०००. ऐकायला छान. पण शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे जेमतेम ३,००० उरलेले असतात आणि व्याज चालू असतं पुऱ्या ६०,००० वर. उरलेल्या रकमेवर व्याज लावणाऱ्या बँकेने १८ टक्के सांगितलं असतं तरी हप्ता जवळपास तेवढाच, २,९९५ रुपये आला असता. म्हणून दर ऐकू नका, हप्ता किती आणि किती महिने ते विचारा आणि गुणाकार करा.

*

पाटणादेवीला गेलो की भास्कराचार्यांचं नाव ऐकतो. त्यांनी व्याजाची गणितं खरंच घातली होती का?
— एक वाचक, चाळीसगाव

घातली होती, आणि आजच्या नववीच्या पोराला सोडवता येतील अशी. इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त एक आहे, त्याचा आशय असा: महिन्याला शेकडा ५ दराने दिलेले पैसे वर्षाने व्याजासह १,००० झाले, तर मुद्दल किती, व्याज किती? (दर बघा! सावकार तेव्हाही सावकारच होता.)

आपण मुद्दल क्ष मानू. वर्षाचा दर ६०, म्हणून क्ष + ६०क्ष/१०० = १,०००, म्हणजे १.६क्ष = १,०००, क्ष = ६२५, व्याज ३७५. हे क्षशिवाय, त्यांच्या इष्टकर्माच्या वाटेनेही सुटतं. मनाला येईल तो आकडा धरायचा, समजा मुद्दल १००. वर्षाने त्याचे होतात १६०. मग १,००० कशाचे होतील? १००/१६० ने गुणा, ६२५. वर अमळनेरच्या मुलीला मी खोटं उत्तर धरायला सांगितलं, त्याचं घराणं हे असं जुनं आहे. अज्ञात राशीलाही त्यांच्याकडे नाव होतं, ‘यावत्तावत्’. एकाहून जास्त अज्ञात आले की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. वर्गात हे सांगितलं की मुलं वहीत रंगीत पेनं काढायची.

पाटणशी नातं शिलालेखाचं आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि १२०७ च्या सुमारास त्याला दान मिळालं, असं तो लेख सांगतो. पुढच्या वेळी नुसता धबधबा बघून परत येऊ नका.

*

दिवाळीला कापसाला ७,००० भाव होता. मी विकला नाही, घरात भरून ठेवला. होळीला ७,४०० ने दिला. क्विंटलमागे ४०० सुटले. मुलगा म्हणतो, काही सुटलं नाही. तो बी.एस्सी.ला आहे म्हणून त्याचंच खरं का?
— एक शेतकरी, जामनेर

बी.एस्सी.चा इथे काही संबंध नाही, काट्याचा आहे. कापूस घरात सुकतो. दिवाळीचा १ क्विंटल होळीला क्विंटल राहत नाही. समजा शंभरात क्ष किलो घट आली. नफाही नाही आणि तोटाही नाही अशी वेळ कधी?

७,४०० × (१०० − क्ष)/१०० = ७,०००

यातून क्ष येतो ५.४. म्हणजे क्विंटलमागे साडेपाच किलो घट आली असेल तर वाढलेला भाव वाऱ्यावर गेला.

पण तुम्ही पुढे लिहिलं आहे की कृषी केंद्राची उधारी होती, शेकडा १ रुपया महिना. दिवाळीला विकून ती फेडली असती तर चार महिन्यांचं व्याज वाचलं असतं: ७,००० वर २८०. तेव्हा बरोबरी ७,००० शी नाही, ७,२८० शी करायची. पुन्हा मांडलं तर क्ष येतो १.६. दीड-पावणेदोन किलो घट आली की तुमचे ४०० संपले.

घरात भरताना वजन केलं होतं का, हे पत्रात नाही. ते असेल तर विकतानाच्या काट्याची पावती शोधा आणि दोन्ही आकडे कळवा. बाप जिंकला की लेक, ते पुढच्या अंकात छापते.