बास आवाज आहे ना? मग घाई नको

ऑपेरातला बास, म्हणजे पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज, उशिरा पिकतो, बऱ्याचदा तिशीनंतर. म्हणून पंचविशीतच व्हेर्दीच्या 'डॉन कार्लो'मधला राजा फिलिप गायचा हट्ट धरू नकोस. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आवाज भारदस्त वाटावा म्हणून जीभ मागे ओढणं. आपल्याला तो घुमल्यासारखा वाटतो, पण वाद्यवृंदापलीकडे पोचतच नाही.

सध्या एवढंच कर:

- पुच्चिनीच्या 'ला बोएम' या ऑपेरातली कोलिनेची भूमिका बसव. चौथ्या अंकात तो जुन्या कोटाचा निरोप घेतो. गाणं छोटंसं, पण श्वासावर किती ताबा आहे ते लगेच कळतं.
- इटालियन, जर्मन अर्थासकट शिक.
- जर्मनीतल्या ऑपेरागृहांच्या कायम गायकसंचासाठी चाचण्या दे. दरमहा पगार, छोट्या भूमिका भरपूर.

मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट' या ऑपेरातल्या झारास्त्रोचा खालचा एफ हा सूर आज लागत नसेल तर रेटू नकोस. तुझा आवाज अजून वाढतोय.