पीचची पाने लालसर, जाड होऊन आकसली आहेत. आता कोणते औषध फवारावे?

आत्ता फवारू नका, औषध वाया जाईल. वर्णनावरून हा पाने आकसण्याचा रोग (लीफ कर्ल) दिसतो. टॅफ्रिना नावाच्या बुरशीमुळे होतो. पान हातात घेऊन पाहा: फुगवटे आलेला भाग चामड्यासारखा जाड लागतो, पुढे त्यावर पांढुरकी भुकटी धरते आणि पान गळते. ही लागण आत्ताची नव्हे. फांदीवरचे डोळे (न उमललेले कोंब) फुगत असताना थंड, ओलसर हवेत बुरशी कोवळ्या पानांत शिरते. म्हणून बोर्डो मिश्रण किंवा दुसरे ताम्रयुक्त बुरशीनाशक पानगळ झाल्यावर, नाहीतर हिवाळ्याच्या शेवटी डोळे फुगण्याआधी फवारायचे. फांद्या नीट भिजल्या पाहिजेत. डोळे उमलले की वेळ गेली.

तोवर झाड सांभाळा. नवी पालवी येईल, पण झाडाची ताकद त्यात खर्च होते. पाणी तोडू नका, फळे जास्त असतील तर विरळणी करा.

आणखी एक, फांदीवर सुकून काळी पडलेली फळे लटकत असतील तर ती आजच काढून नष्ट करा. तपकिरी कुज या फळे कुजवणाऱ्या रोगाची बुरशी त्यांत हिवाळा काढते, आणि ती आलुबुखार, जर्दाळू, चेरी कुणालाच सोडत नाही.