नवं शहर आणि खायला उठणारा रविवार

"नव्या शहरात येऊन तीन महिने झाले. नोकरी ठीक, घर ठीक, पण मन लागत नाही. रविवार तर खायला उठतो. माझंच काही बिघडलंय का?" समुपदेशनात हा प्रश्न सतत येतो. शहर बदलतं, वय बदलतं, रविवार तोच असतो. खालची हकिकत एका बाईंची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 44. घटस्फोटानंतर बदली मागून घेऊन सांगलीहून दिल्लीला आलेल्या. ऑफिस आयटीओजवळ, भाड्याची खोली लाजपत नगरला, म्हणजे मेट्रोच्या व्हायोलेट लाइनने थेट जाणं-येणं. घरच्यांचा सल्ला ठरलेला: मराठी मंडळात जात जा. त्या एका कार्यक्रमाला गेल्या. चहाचा कप हातात यायच्या आत "मिस्टर कुठे असतात?" हा प्रश्न आला आणि त्यांनी पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही. सल्ला वाईट नव्हे, पण फार लवकर दिला जातो. स्वतःबद्दल काय सांगायचं हे ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्याला ओळखी करायला पाठवू नये.

अशा वेळी आधी हे करमत नसणं आहे की नैराश्य, ते पाहावं लागतं. नैराश्याची लक्षणं अशी: दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणं, कशातच रस नसणं, झोप किंवा भूक बिघडणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, जगणं नकोसं होणं. यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गुण 0 ते 27. 10 किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांचं मत घेतलेलं बरं, आणि मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला 'नाही' सोडून काहीही उत्तर असेल तर बेरीज किती याची वाटच पाहायची नाही. बाईंचे 8 आले. नववं उत्तर शून्य.

मग आठवडाभराची नोंदवही. दर तासाला एक ओळ: काय केलं, त्यात आनंद किती (0 ते 10) आणि 'जमलं' असं किती वाटलं (0 ते 10). रात्री बसून आठवून लिहिलं तर सगळीकडे 2-3 पडतात, कारण रात्रीची मरगळ दुपारच्या आकड्यांनाही लागते. म्हणून दिवसात निदान तीनदा लिहायची.

बाईंच्या वहीत रविवारी 11 ते 5 सगळे 1 आणि 2. भावाशी दीड तासाचा व्हिडिओ कॉल झाल्यावर तर 1. (यात नवल नाही. कॉल संपला की खोली आणखी रिकामी वाटते.) आणि शनिवारी मध्येच एकटा 6: "खन्ना मार्केटला ब्लाउज शिवायला टाकला. येताना भिंतीवर मोठे रंगीत पक्षी. उगाच थांबले."

ते पक्षी लोदी कॉलनीतले. मेक्सिकोच्या सेनको या चित्रकाराचे. इंग्रजांच्या काळात, 1940 च्या दशकात बांधलेली ही सरकारी क्वार्टर्सची वसाहत. खन्ना मार्केट आणि मेहरचंद मार्केटच्या मधल्या गल्ल्यांत 2015-16 पासून स्टार्ट इंडिया फाउंडेशन या कलासंस्थेने देशी-परदेशी चित्रकारांकडून घरांच्या उंच भिंती रंगवून घेतल्या. आज तिथे पन्नासहून जास्त भित्तिचित्रं आहेत. तिकीट नाही, फाटक नाही. जवळची स्टेशनं जोरबाग आणि जेएलएन स्टेडियम, आणि दुसरं तर बाईंच्या रोजच्याच लाइनवर.

आम्ही चित्रकलेची आवड आहे का, असं विचारलंच नाही. वहीतला 6 हाच धागा. मन झालं की बाहेर पडू, असं म्हणत बसलं तर मन होत नाही. आधी छोटी ठरलेली कृती, मन मागून येतं. या पद्धतीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. ठरलं ते असं: रविवारी साडेदहाला निघायचं, म्हणजे पडीक तास सुरू व्हायच्या आधी. एकच गल्ली, चाळीस मिनिटं, चार रविवार तीच. कानात काही नाही. पहिली वीस मिनिटं फोन पिशवीत, नंतर एकच फोटो. वहीत दोन ओळी: आज काय नवीन दिसलं, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. आणि एका माणसाशी एक वाक्य, चहावाल्याशीही चालेल. लोक तिथे राहतात, त्यामुळे खिडकीत डोकावायचं नाही, वाळत घातलेल्या कपड्यांसकट फोटो काढायचा नाही. एकट्या बाईने दिवसाउजेडी जावं आणि लाइव्ह लोकेशन एका विश्वासातल्या माणसाला पाठवून ठेवावं.

दुसऱ्याच रविवारी गाडी घसरली. बाईंनी इंटरनेटवरून यादी काढली, एका दुपारी सगळ्या भिंती उरकल्या, ढीगभर फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. "मजा आहे बुवा तुझी" असं उत्तर आलं आणि रात्रीचा आकडा 1. हे हमखास होतं. सगळं एका दिवसात पाहिलं की पुढच्या रविवारी जायला कारण उरत नाही, आणि फोटो ग्रुपवर गेला की आपला दिवस दुसऱ्यांच्या शेऱ्यावर लटकतो. यादी बाजूला ठेवली, गल्ली पुन्हा एक केली.

तिसऱ्या रविवारी हवा इतकी वाईट होती की बाहेर पडणं शहाणपणाचं नव्हतं. दिल्लीत नोव्हेंबरात हे धरूनच चालावं. 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक पाहायचा, वाईट असेल तर बेत मोडायचा नाही, लहान करायचा. बाईंचा लहान बेत म्हणजे सोमवारी आयटीओला उतरल्यावर वर पाहणं. तिथे जुन्या पोलीस मुख्यालयाच्या इमारतीवर 2014 साली हेंड्रिक बाइकिर्श आणि अनपू वर्की यांनी रंगवलेले प्रचंड गांधीजी आहेत. तीन महिने त्या रोज तिथून जात होत्या आणि मान खाली होती.

एकच जागा पुन्हा का, याचं उत्तर लोदीतल्याच एका भिंतीने दिलं. डाकू या नावाने काम करणाऱ्या कलाकाराने 2016 मध्ये तिथे रंग वापरलेलाच नाही. अक्षरं भिंतीला काटकोनात बसवली आहेत. ऊन वरून आलं की सावल्या भिंतीवर पडतात आणि इंग्रजी शब्द वाचता येतात. सूर्य सरकतो तशा सावल्या ताणल्या जातात आणि शब्द विरघळतात. धुक्याच्या दिवशी नुसतीच भिंतीतून बाहेर आलेली पट्टी. बाईंना पहिल्यांदा काहीच कळलं नव्हतं. नंतरच्या एका स्वच्छ दुपारी शब्द दिसले. वहीत आनंद 5, 'जमलं' 7. तिथेच तळमजल्यावरच्या आजींनी हाक मारली, समोर चित्र काढताना परांची कशी बांधली होती ते सांगितलं. 'मिस्टर'चा विषय निघाला नाही.

दहाव्या आठवड्यात रविवारची सरासरी 2 वरून 4 वर आली होती. एवढंच. पण झोप सुधारली, भावाचा कॉल वीस मिनिटांवर आला आणि संक्रांतीला त्या पुन्हा मंडळात गेल्या. प्रश्न तोच आला. त्यांनी "मी एकटीच असते, लोदीच्या मागे" असं सांगून समोरच्या बाईंनाच विचारलं, "तुम्ही ती सावल्यांची भिंत पाहिलीत का?"

दुसऱ्या शहरात असाल तर अशा भिंती तिथेही आहेत: हैदराबादला एम. एस. मक्ता, चेन्नईला कण्णगी नगर, मुंबईत वांद्र्याचा चॅपेल रोड, पुण्यात कसबा पेठ. गल्ली निवडताना नावापेक्षा वाट पाहा: ऑफिसच्या रस्त्यावरची, एका वाहनात पोहोचता येणारी, जवळ चहाची टपरी असलेली. दूरची सुंदर जागा तिसऱ्या रविवारी रद्द होते. चार-सहा आठवडे नेटाने करूनही आकडे हलले नाहीत, किंवा मध्येच झोप-जेवण सुटलं, तर गल्ली बदलत बसू नका, तज्ज्ञांकडे जा. जीव नकोसा वाटला तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मोफत. मराठीतही बोलता येतं.