झेनॉन दिवा घेण्याआधी

चि. अनेक आशीर्वाद.

सदर भागातल्या टॉकीजमधलं ३५ मिमीचं फिल्म प्रोजेक्टर मशीन पुन्हा सुरू करायचं म्हणतोयस, याचा फार आनंद झाला. पण ‘थेट ३००० वॅटचाच झेनॉन दिवा घेऊ का?’ याला माझं उत्तर, नको. आधी टेपने पडदा मोज.

तुझा पडदा ४० बाय १७ फूट धरू, म्हणजे ६८० चौरस फूट. फिल्म न लावता, शटर (उजेड क्षणोक्षणी अडवणारी पाती) फिरत असताना मध्यभागी १६ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप) उजेड हवा. दोन्ही आकडे गुणले की १०,८८० ल्युमेन, म्हणजे मशीनमधून निघायला हवा तो एकूण उजेड. पडद्याचा गेन, म्हणजे उजेड समोर परतवण्याची ताकद, १.३ असेल तर साधारण ८,४०० पुरतात. आरसा चांगला आणि लेन्स स्वच्छ असेल, तर हे २००० वॅटमध्ये बसतं. केबिनच्या खिडकीची साधी काच एकटीच आठेक टक्के उजेड खाते. तीवर धूळ असेल तर आणखी. वॅट वाढवले की दिव्यातल्या दोन टोकांमधला आर्क, म्हणजे पेटती ठिणगी, लांबतो, गेटवर, म्हणजे फिल्म सरकते त्या चौकटीवर, त्याचा ठिपका मोठा पडतो आणि जादा उजेड पडद्यावर न जाता गेटची पट्टी तापवत बसतो.

मग रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारी पेटी, बघ. २००० वॅटच्या दिव्याला सुमारे २५ व्होल्ट, ८० अँपिअर डीसी लागतो. ३००० ला १०० अँपिअरच्या आसपास. रिपल, म्हणजे डीसीतला चढउतार, पाच टक्क्यांच्या आत हवा. एखादा फेज गेला किंवा फिल्टरचा कपॅसिटर सुकला की पडदा लुकलुकतो आणि कॅथोड, म्हणजे दिव्यातलं बारीक टोक, लवकर बोथट होतं. अशा वेळी लोक दिव्याला दोष देतात, नवा घालतात आणि तोही जातो.

लॅम्पहाऊस, म्हणजे दिवा बसतो ती पेटी, आडवं की उभं, हे मागवतानाच सांग. दिव्याची लांबी आणि दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्यांची जात जुन्याशी ताडून घे. उभ्यात जाड टोक, म्हणजे अ‍ॅनोड, वर. आडव्यात आर्क वर झुकू नये म्हणून चुंबक असतो, तो जागेवर आहे ना बघ. वायर उलट लागली तर कॅथोड काही सेकंदांत वितळतो. ओझोन न करणाराच दिवा माग.

आपल्याकडचा उन्हाळा इथे नडतो. दिव्याच्या टोपीचं तापमान २३० अंशांवर जाता कामा नये, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, केबिनच भट्टी झालेली असते. खेळ संपल्यावर ब्लोअर (दिवा थंड करणारा पंखा) किमान दहा मिनिटं चालू ठेव. लाइट गेली की दिव्यासोबत ब्लोअरही बंद पडतो, म्हणून त्याला जनरेटरची वेगळी लाइन दे. डेझर्ट कूलरचं तोंड लॅम्पहाऊसकडे ठेवू नकोस. ओलाव्याने इग्नायटरचा, म्हणजे दिवा पेटवणाऱ्या भागाचा, हजारो व्होल्टचा झटका बॉडीत उतरतो आणि दिवा पेटतच नाही.

बसवताना चेहऱ्यावर शील्ड, हातात चामडी मोजे. थंड दिव्यातही आठ-दहा बारचा दाब असतो. दिव्यावरचं कव्हर सगळ्यात शेवटी काढ. काचेला बोट लागलंच, तर पेटवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. नाहीतर तो डाग भाजून काचेत कायमचा बसतो. एकच टोक घट्ट आवळ, दुसऱ्याला पसरायला मोकळीक ठेव.

सुरुवात ७० अँपिअरवर कर, दिवा जुना होईल तसा करंट चढव. आडवा दिवा अर्ध्या आयुष्यात १८० अंश फिरव. वॉरंटीचे तास संपून वर आणखी पाव भाग झाला की काढच. काळवंडलेली काच जास्त तापते आणि फुटते. काढलेल्या दिव्यातही दाब तसाच असतो, तो उघडा भंगारवाल्याला देऊ नकोस.

ऑर्डर देण्याआधी रेक्टिफायरच्या पाटीचा फोटो पाठव.