वाचकांचे प्रश्न : जगातला सर्वश्रेष्ठ फलंदाज कोणाला म्हणावे?

प्रश्न : माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले असून सुनील गावसकरांच्या तोडीचा फलंदाज झाला नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. मी स्वतः सचिन तेंडुलकरांचा खेळ पाहत मोठा झालो, तर माझा मुलगा विराट कोहलीखेरीज दुसरे नाव ऐकून घेत नाही. उन्हाळ्यात रात्री घराच्या धाब्यावर खाटा टाकल्या, की हाच वाद सुरू होतो आणि शेजारचे निवृत्त गुरुजी दरवेळी ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन यांचे नाव घेऊन आम्हा तिघांनाही गप्प करतात. ज्या खेळाडूने अवघे ५२ कसोटी सामने खेळले आणि त्यांतले ३७ एकट्या इंग्लंडविरुद्ध, त्याला जगात पहिला मानणे कितपत योग्य आहे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : गुरुजींचे म्हणणे बरोबर आहे, असे आमचे मत आहे, मात्र ते का बरोबर आहे हे नीट मांडल्याशिवाय आपले समाधान होणार नाही. वेगवेगळ्या काळांतील फलंदाजांच्या धावा थेट एकमेकांसमोर ठेवल्या, तर वाद कधीच मिटत नाही, कारण खेळपट्ट्या, बॅटी, नियम आणि सामन्यांची संख्या हे सगळेच बदलत गेले आहे. त्यामुळे एखादा फलंदाज त्याच खेळपट्ट्यांवर, त्याच गोलंदाजांसमोर खेळणाऱ्या आपल्या समकालीनांपेक्षा किती पुढे होता, एवढेच पाहणे न्याय्य ठरते.

ब्रॅडमन ८० डावांत ७० वेळा बाद झाले आणि त्यांनी ६९९६ धावा केल्या, ९९.९४ ही प्रसिद्ध सरासरी त्यातूनच येते. १९४८ मध्ये ओव्हलवरील अखेरच्या डावात एरिक हॉलीज यांनी त्यांचा शून्यावर त्रिफळा उडवला नसता आणि त्यांच्या हातून केवळ चार धावा झाल्या असत्या, तर ती सरासरी बरोबर शंभर भरली असती. आता त्यांच्याच काळातील इतर मोठे फलंदाज पाहा. जॉर्ज हेडली यांची सरासरी ६०.८३, हर्बर्ट सटक्लिफ यांची ६०.७३, वॉली हॅमंड यांची ५८.४५ आणि लेन हटन यांची ५६.६७ आहे. तो काळ फलंदाजांना सोपा होता असे धरले, तर हे सगळेही ऐंशीच्या घरात जायला हवे होते. ते गेले नाहीत. ते तिथेच राहिले, जिथे आजचेही उत्तम फलंदाज राहतात. शतकांच्या बाबतीतही तेच दिसते. ब्रॅडमन यांनी ८० डावांत २९ शतके केली, म्हणजे तीन डावांत एकाहून अधिक, तर तेंडुलकरांनी ३२९ डावांत ५१ शतके केली.

ब्रॅडमन यांच्याविरुद्ध दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला म्हणजे ते ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड सोडून अन्य कोणत्याही देशात कसोटी खेळले नाहीत. हे खरे आहे आणि भारतातल्या फिरकीच्या खेळपट्टीवर त्यांनी काय केले असते, याचे उत्तर कोणालाही देता येणार नाही. दुसरा आक्षेप आम्हाला अधिक वजनदार वाटतो. त्या काळी खेळपट्ट्या झाकत नसत आणि पावसाने भिजून उन्हाने वाळू लागलेल्या खेळपट्टीवर चेंडू कसाही उसळत असे. अशा खेळपट्टीवर ब्रॅडमन यांची कामगिरी त्यांच्या लौकिकाला साजेशी नव्हती. तिथे इंग्लंडचे जॅक हॉब्ज मोठे होते. १९२६ मध्ये ओव्हलवरच भिजलेल्या खेळपट्टीवर हॉब्ज यांनी १०० आणि सटक्लिफ यांनी १६१ धावा काढून ॲशेस, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका, जिंकण्याचा पाया घातला. तरीसुद्धा १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेचा विचार करावा. इंग्लंडचे कर्णधार डग्लस जार्डिन यांनी लेगच्या बाजूला क्षेत्ररक्षकांचे कडे उभे केले, वेगवान गोलंदाज हॅरॉल्ड लारवूड यांच्याकडून थेट अंगावर चेंडू टाकून घेतले आणि हा सारा बेत मुख्यतः एका फलंदाजाला रोखण्यासाठी होता. त्या मालिकेत ब्रॅडमन यांची सरासरी ५६.५७ राहिली. ज्या मालिकेत ते अपयशी ठरले असे म्हणतात, तिथलीही त्यांची सरासरी तेंडुलकरांच्या संपूर्ण कारकिर्दीतील ५३.७८ हून जास्त आहे.

म्हणून खरा वाद दुसऱ्या क्रमांकाचा आहे आणि आपल्या घरातील तिन्ही पिढ्यांना तिथे बोलायला भरपूर जागा आहे. समकालीनांपासूनच्या अंतराची कसोटी इथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण तेंडुलकर, लारा, पाँटिंग आणि कॅलिस हे चौघेही ५१ ते ५६ या सरासरीच्या टप्प्यात दाटीवाटीने उभे आहेत. अशा वेळी कोणाच्या वाट्याला अधिक कठीण चेंडू आले, हे पाहावे लागते आणि या निकषावर आमचे मत आपल्या वडिलांकडे झुकते. सलामीच्या फलंदाजासमोर चेंडू नवा असतो, गोलंदाज ताजेतवाने असतात आणि खेळपट्टी कशी आहे हे सांगणारा कोणीही आधी खेळून आलेला नसतो. गावसकरांनी हे काम हेल्मेटशिवाय केले आणि वेस्ट इंडीजविरुद्ध १३ शतके काढली. १९७१ मधील पदार्पणाच्या मालिकेत त्यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. त्या वेळचा वेस्ट इंडीजचा मारा पुढच्या दशकाइतका भेदक नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु १९८३ मध्ये मार्शल आणि होल्डिंग या वेगवान गोलंदाजांसमोर दिल्लीत १२१ धावा काढून त्यांनी ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी साधली आणि त्याच मालिकेत मद्रासला नाबाद २३६ धावा करून तो विक्रम मागे टाकला, हे विसरता येणार नाही.

त्यांच्या अखेरच्या कसोटी डावाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. १९८७ मध्ये बंगळूरला पाकिस्तानविरुद्ध खेळपट्टी पार उखडली होती. तौसीफ अहमद आणि इक्बाल कासिम यांचा एक चेंडू हातभर वळत होता, तर दुसरा त्याच जागी पडून छातीपर्यंत उसळत होता. गावसकर चेंडू अगदी डोळ्यांखाली येईपर्यंत थांबत आणि बॅटचा दांडा इतका सैल धरत, की कड लागली तरी चेंडू पायाशीच पडावा. ते ९६ धावांवर स्लिपमध्ये झेल देऊन बाद झाले आणि भारत १६ धावांनी हरला. पराभवातील खेळी म्हणून ती मागे टाकली जाते, पण फलंदाजीचे तंत्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ती दाखवली पाहिजे.

तेंडुलकर आम्ही त्यांच्या किंचित मागे ठेवतो आणि तेही नाइलाजाने. अठराव्या वर्षी पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर ११४ धावा काढणे आणि २००४ मध्ये सिडनीला, ऑफ स्टंपच्या बाहेर वारंवार बाद होत असल्याचे ओळखून, आपला आवडता कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवून नाबाद २४१ धावा करणे, यासाठी कौशल्याइतकाच निग्रह लागतो. चिरंजीवांना मात्र एक सांगावे. एकदिवसीय सामन्यांत धावांचा पाठलाग करण्यात कोहली यांच्यापुढे कोणी नाही, पण कसोटीतील ४६.८५ ही सरासरी त्यांना या यादीत खाली आणते.

प्रश्न : आमच्या भागातील बहुतेक सामने काळ्या मातीवर मॅट (काथ्याची चटई) अंथरून होतात. माझा भाचा तिथे भरपूर धावा काढतो, परंतु जाणकार म्हणवणारे लोक ‘मॅटिंगवरच्या धावा धरू नयेत’ असे सांगतात. यात तथ्य आहे काय?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : मुळीच नाही. वर ज्यांचा उल्लेख आला, त्या हॉब्ज यांनी १९०९-१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत मॅटिंगवर, गुगली टाकणाऱ्या चांगल्या गोलंदाजांसमोर, मालिकेत ५३९ धावा केल्या होत्या. १९५६ मध्ये कराचीला मॅटिंगवर पाकिस्तानचे फझल महमूद यांनी सामन्यात १३ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा बलाढ्य संघ पहिल्या डावात ८० धावांत गारद झाला. मॅट कशी बसवली आहे, यावर मात्र बरेच अवलंबून असते. चारी बाजूंनी ताणून खिळे ठोकलेल्या मॅटवरून चेंडू वेगाने उसळतो, तर ढिल्या मॅटवर तो पकड घेऊन अधिक वळतो. त्यातून आपल्याकडील काळ्या मातीला एप्रिल-मे मध्ये भेगा पडतात आणि त्या बुजवून रोलर न फिरवता वर मॅट टाकली, की एकाच टप्प्यावरचा चेंडू कधी खाली राहतो, तर कधी खांद्यावर येतो. अशा जागी धावा काढणारा मुलगा मागच्या पायावर चांगला खेळत असणार. त्याला आता टर्फवर, म्हणजे गवताच्या खेळपट्टीवर, पुढच्या पायावर येऊन खेळण्याचा सराव मिळेल, एवढे आपण पाहावे. जिल्ह्याच्या निवड चाचणीत मुले तिथेच अडतात.

प्रश्न : सर्वश्रेष्ठ फलंदाजाच्या चर्चेत महिलांचे नाव कोणीच का घेत नाही?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. ब्रॅडमन यांना लावलेली कसोटी महिलांना लावता येत नाही, याचे कारण त्यांना सामनेच दिले गेले नाहीत. मिताली राज यांच्या दोन दशकांहून मोठ्या कारकिर्दीत त्यांना केवळ १२ कसोटी खेळायला मिळाल्या आणि त्यांतही त्यांनी २००२ मध्ये टाँटनला २१४ धावांची खेळी केली. एकदिवसीय सामन्यांत त्यांच्या ७८०५ धावा आहेत आणि भारतीय महिला फलंदाजांत आमची पहिली पसंती त्यांनाच आहे. सांगलीच्या स्मृती मानधना ज्या वेगाने शतके काढत आहेत, ते पाहता ही पसंती फार काळ टिकेलच असे नाही. चर्चेत सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक २०१० मध्ये ग्वाल्हेरला तेंडुलकरांनी केले, असे सर्रास म्हटले जाते. ते पुरुषांमधील पहिले होते. त्याच्या बारा वर्षे आधी, डिसेंबर १९९७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क यांनी विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या आणि तो सामना आपल्या मुंबईतच झाला होता.