जुन्या शेगड्यांचे न मिळणारे भाग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चार बर्नरच्या जुन्या गॅस शेगडीचे तीन नॉब शाबूत आहेत, चौथा हरवला. थ्रीडी प्रिंट काढून बसवला, पण काही दिवसांतच त्याचे भोक सैल होऊन नॉब नुसताच फिरू लागला. टिकाऊ नॉब कसा करावा?

उत्तर: तो प्रिंट आधी काढून ठेवा. सैल नॉब ‘बंद’वर दिसतो आणि आतला कॉक (गॅसची झडप) अर्धवट उघडा राहतो. प्रिंट बहुधा पीएलए या प्रिंटिंगच्या प्लास्टिकचा असावा. ते ६० अंश सेल्सियसच्या आसपासच मऊ पडते. प्रिंट नमुना म्हणून चांगला, वापरायला नाही.

शाबूत नॉबपैकी सर्वांत कमी झिजलेला घ्या. ओरखडे पुटीने भरा, ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मागचे भोक मातीने बुजवून नॉब तोंड वर करून पाटीवर चिकटवा. भोवती सगळीकडून निदान १० मिलिमीटर जागा सोडून चौकट उभी करा आणि साच्यासाठी सिलिकॉन (घट्ट झाल्यावर रबरासारखे होणारे द्रव) एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओता, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. माती गंधकयुक्त असेल तर प्लॅटिनम जातीचे सिलिकॉन तिला लागून चिकटच राहते, घट्ट होत नाही. मूर्तिकामाच्या बऱ्याच मातीत गंधक असते, म्हणून बिनगंधकाची माती घ्या किंवा टिन जातीचे सिलिकॉन वापरा.

या साच्यात रेझिन ओतून नवा नॉब करायचा, पण रेझिनमध्ये स्पिंडलचे (नॉब जिच्यावर बसतो त्या कॉकच्या दांडीचे) भोक ठेवू नका. डी आकाराच्या भोकाच्या कडा रेझिनमध्ये झिजतातच. त्याऐवजी पितळी बुश (पोकळ नळीचा तुकडा) करून घ्या. बाहेरून त्यावर खरबरीत नक्षी हवी, म्हणजे रेझिन त्याला धरून बसते. आतले भोक कानशीने स्पिंडलला जुळवा. स्पिंडलचा व्यास मोजतात, पण सपाट बाजूपासून समोरच्या गोलाईपर्यंतचे अंतर मोजायचे राहून जाते. तेही व्हर्नियरने घ्या. बुश साच्यात ठेवण्यापूर्वी नॉबवरची खूण आणि भोकाची सपाट बाजू यांचा कोन जुन्या नॉबवरून उतरवा. डाव्या-उजव्या कॉकचे कोन वेगळे असू शकतात, त्यामुळे चौथ्या जागेचा कॉक स्वतंत्रपणे तपासा.

साधे पॉलियुरेथेन रेझिन ७०-८० अंशांना नरम पडू शकते. ओव्हनच्या दाराजवळचा नॉब असेल तर उष्णतारोधक इपॉक्सीच घ्या. असे इपॉक्सी नुसते घट्ट होऊन भागत नाही, माहितीपत्रकात दिलेल्या टप्प्यांनी तापवावे लागते. घाईने तापवले तर नॉब वाकतो. काळी रंगपेस्ट वजनाच्या २-३ टक्क्यांवर नेऊ नका, जास्त झाली की रेझिन कच्चे राहते. अक्षरे खोदलेली असतील तर त्यांत एनॅमल रंग भरा आणि पुठ्ठ्याची कडा आडवी ओढून वरचा रंग पुसा.

बॅकेलाइटचे तुटके तुकडे वितळवून नवा नॉब होईल का, असेही आपण विचारले आहे. होणार नाही. बॅकेलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही.

प्रश्न: बिडाची जाळी ओतशाळेत जुनी जाळी नमुना देऊन करून घेतली. ती खाचेत बसत नाही, हलते, आणि तिचे एक बोट (भांडे टेकणारा दांडा) पहिल्याच पडण्यात तुटले. चूक कुठे झाली?

उत्तर: तीन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. लहान होण्याचे कारण आकुंचन. करडे बीड गोठून थंड होताना साधारण १ टक्का आकसते. २४० मिलिमीटरची जाळी सुमारे २.४ मिलिमीटरने कमी भरते, आणि जुनी जाळी आधीच झिजलेली असली तर आणखी. म्हणून नमुना १ टक्का मोठाच हवा: मापे घेऊन १०१ टक्क्यांचा प्रिंट काढा, किंवा लाकडी नमुना करा. प्रिंटच्या थरांच्या रेषा पुटीने बुजवा, नाहीतर साच्याची वाळू त्यांत अडकते. उभ्या बाजूंना १ ते २ अंशांचा उतार ठेवा, तरच नमुना वाळू न फोडता निघतो. आतल्या कोपऱ्यांना ३ मिलिमीटरची गोलाई द्या, टोकदार कोपऱ्यातच चीर पडते.

बोट तुटले त्याचे कारण बहुधा जाडी. पातळ टोके झपाट्याने थंड होऊन पांढरे बीड बनते, जे काचेसारखे कडक आणि ठिसूळ असते. तुटलेला काप पाहा. चकचकीत पांढरा असेल तर हेच कारण, करडा असेल तर आत पोकळी आहे का ते पाहा. टोके ५ मिलिमीटरपेक्षा बारीक करू नका, आणि पातळ भागांसाठी पुरेसे सिलिकॉन (मूलद्रव्य, साच्याचे रबर नव्हे) असलेले बीड हवे असे ओतणाऱ्याला आधी सांगा.

हलते ती जाळी पिळवटलेली आहे. जाड काचेवर ठेवून जो पाय टेकतो तेवढाच घासा. शेवटी तेलाचे पातळ थर तापवून बसवा. चिनी मुलामा सुमारे ८०० अंशांना भाजतात, तेव्हा बिडातून निघणाऱ्या वायूने फोड येऊ शकतात. जस्ताचा मुलामा ज्योतीवर कधीच नको, तापलेल्या जस्ताचा धूर विषारी असतो.

प्रश्न: रॉकेलच्या प्रेशर स्टोव्हला नवा चामडी वॉशर केला, तरी हवा भरत नाही. निपलचे भोक मोठे करू का?

उत्तर: निपलला (रॉकेल बाहेर सोडणाऱ्या बारीक तोंडाला) हात लावू नका. भोक सुमारे ०.३ मिलिमीटर असते. ते वाढले की रॉकेल जास्त येते, हवा पुरत नाही, ज्योत पिवळी पडून काजळी धरते आणि भडका उडू शकतो. बिघडले असेल तर त्याच मापाचे नवे बसवा.

आधी पंप दाबून दांडा सोडून पाहा. दांडा आपोआप वर येत असेल तर दोष वॉशरचा नाही, पंपाच्या तळाशी असलेल्या, हवा परत न येऊ देणाऱ्या झडपेचा आहे. तिची टिकली नायट्राइल रबराची लावा. साधे रबर रॉकेलमध्ये फुगते.

दांडा वर येत नसून दाबताना अडथळाही लागत नसेल, तर नवा वॉशर कापून करा. वनस्पतीपासून कमावलेले २ मिलिमीटर चामडे घ्या, क्रोमने कमावलेले आकार धरत नाही. १९ मिलिमीटर नळीसाठी ३० मिलिमीटरची चकती पुरते. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा आणि १५ मिलिमीटरच्या गोल दांड्याने १९ मिलिमीटरच्या गोल कडेच्या भोकात दाबा. रात्रभर तसेच सुकू द्या, मग मशीनच्या तेलात मुरवा. वाटीचे तोंड टाकीकडे हवे, उलटे बसवले तर हवा परत वर निसटते.

प्रश्न: ओव्हनच्या दाराच्या कडेची, उष्णता अडवणारी दोरी आणि गॅसचा पितळी कॉकही घरीच करून चालेल का?

उत्तर: जुनी करडी-पांढरी धाग्याची दोरी अॅस्बेस्टॉसची असू शकते. कोरडी ओढू किंवा खरवडू नका, तपासून घ्या आणि काढायचे काम जाणकारावर सोपवा. जागी काचधाग्याची दोरी बसवा. ती खाचेच्या कडेपेक्षा थोडी वर यायला हवी, पण इतकी नाही की दार बंद करताना बिजागरीवर ताण येईल.

कॉक, जेट (गॅस सोडणारे बारीक तोंड) आणि थर्मोस्टॅट यांची नक्कल करू नका. कॉकच्या निमुळत्या खुंट्याची बैठक केसभर चुकली तरी गॅस झिरपतो. दुरुस्ती अधिकृत गॅस मेकॅनिककडून करून घ्या आणि परत जोडल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा.